झिजलेली घागर

कॅम्पातल्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात एका गोऱ्या साहेबाची कबर देवळाएवढी आहे. पुढे गोल उंच खांब, वर घुमट आणि खांबांमागच्या भिंतीवर दगडात कोरलेली माणसं. वीस वर्षं मी तिथं गवत कापलं, पण त्या माणसांकडे कधी नीट पाहिलं नाही.

काल शेजारच्या मार्थाबाईंसोबत गेले. नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवून त्या खांबांच्या सावलीत आल्या आणि भिंतीवरची एक बाई मला दाखवली.

"ही गावानं टाकलेली गं. भर उन्हात एकटी विहिरीवर यायची. येशूनं पाणी मागितलं ते हिच्याकडं."

बाईच्या हातात घागर हवी होती. तिथं गुळगुळीत खळगा होता. तो माझा. दगड पुढं आलेला, हाताच्या उंचीवर; रोज सकाळी मी विळा तिथंच घासायची. कुणा पाथरवटानं किती दिवस ठोकून ती घागर घडवली असेल. मी ती गवतापायी संपवली.

"पावसानं झिजली बघ," मार्थाबाई म्हणाल्या.

मी मान डोलावली. खांबांच्या आत पाऊस येत नाही. कितीदा आम्ही दोघी पावसात तिथंच कोरड्या बसलोय, माझा विळा मांडीशी ठेवून. त्यांनी मला खोटं आयतं दिलं आणि मी ते मुकाट्यानं घेतलं. घागरीपेक्षा याचीच लाज जास्त वाटली.

"चल, ऊन वाढलं," त्या म्हणाल्या.

निघताना मी खळग्यातून बोट फिरवलं. अजूनही तिथं धार चांगली लागली असती.