विहाराच्या दारातली आई

बेसा वस्तीतल्या आमच्या घरी मुलीनं माझ्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतली आणि लावली. विहाराच्या दारात पांढऱ्या साडीतली आई ताठ उभी. “अडकलं वाटते,” म्हणत मुलगी स्क्रीनवर बोट मारू लागली.

अडकलं नव्हतं. मला त्या दिवशीच्या शूटिंगच्या तापलेल्या हॅलोजन दिव्याचा वास आला. आईनं तोवर फक्त फोटोच काढून घेतलेले. व्हिडिओवाला ओरडला, “काकू, व्हिडिओ आहे, चाला ना थोडं!” ओठही न हलवता आई म्हणाली, “काहून? फोटो हालन ना गा!” सगळा मांडव हसला होता.

आई जाऊन आता वर्षं झाली. मुलीच्या मोबाईलमध्ये धावतीपळती माणसं ढिगानं, आईचं एवढंच. पदराची कड वाऱ्यानं हलते, आणि ती श्वास रोखून उभी आहे, मला नीट बघता यावं म्हणून.