हॅलोजनखाली वाळवलेली मलमपट्टी

आता तुम्ही हसणारच, तर चहा खाली ठेवून हसा. उगाच ठसका लागायचा. गाढवपणा माझाच आहे. पण माघार? नाव नको!

आमचा पेणला गणपतींचा कारखाना. मूर्तींचे डोळे मीच आखतो, तीस वर्षं झाली. आणि ऐन गणपतीच्या तोंडावर, मूर्ती वाळवायच्या तापलेल्या हॅलोजनवर माझा उजवा तळवा टेकला! आता डोळे कोण आखणार? माझं तर धाबंच दणाणलं.

भाची रोह्याला डॉक्टर. तिने तळव्यावर शहाळ्याच्या मलईसारखी थंडगार पट्टी ठेवली, वरून बँडेज बांधलं.

"मामा, हा जेल हाय. औषध यातच भरलंय, ते हळूहळू जखमेत उतरतं. पण जेल ओला राहिला तरच! मी सांगेपर्यंत उघडायचं नाय."

ओला? अहो, आमच्या धंद्यात ओल म्हणजे वैरी! ओल्यावर रंग मारला की पोपडे आलेच. कालची पोर मला ओल शिकवणार?

दुसऱ्याच दिवशी बँडेज सोडलं. पट्टी ओलीच! धरला हात हॅलोजनसमोर. हो हो, त्याच हॅलोजनसमोर!

बायको ओरडली, "अहो, एकदा भाजलं तेवढं पुरं नाय झालं?"

"लांबून धरलाय! कारखाना कोण चालवतो, तू का मी?"

तासाभरात पट्टीचा पापड झाला. तळव्याला असा चिकटला, की बोट हलवलं तरी डोळ्यांत पाणी. गेलो परत रोह्याला, मान ताठ ठेवून.

भाचीने सलाइनने भिजवून भिजवून पापड सोडवला. "मामा, औषधच वाळवून टाकलंत! आता डोळे आखायचे राहिले तर?"

भीती मलाही तीच होती. पण तोंड ऐकतंय थोडंच? "ओलं झाकून ठेवलं की सडतं!"

तिने नवी पट्टी लावली. मग म्हणाली, "तुमच्या कारखान्यात गिऱ्हाइकांसाठी पाटी हाय ना? काय लिवलंय?"

"हात लावू नये," मी तोऱ्यात म्हणालो. "ओली मूर्ती चाचपून बघायची लोकांना भारी हौस. धीर म्हणून नाय!"

तिने मार्कर काढला आणि माझ्या बँडेजवर ठळक लिहिलं, 'हात लावू नये'.

हात वेळेत बरा झाला. डोळे मीच आखले, लिहून ठेवा! आणि ओल वैरीच, हे आजही छातीठोक सांगतो.

फक्त त्या बँडेजचा तेवढा तुकडा बायकोने कापून ठेवलाय. हॅलोजनच्या बटणावर चिकटवलाय, खास माझ्यासाठी.