धनसिंगच्या कंबरेची खोड

धनसिंगची चढाई म्हणजे काय चीज होती, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही! पाचोऱ्याजवळ गिरणाकाठच्या गावातला गडी. दिवसभर मळ्यातून केळीचे घड वाहायचे आणि संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात समोरच्यांना घाम फोडायचा, हा त्याचा नेम. पण गेल्या हंगामात भर चढाईत त्याच्या डाव्या मांडीमागची नस ओढली गेली आणि गडी जो बाहेर बसला तो बसलाच. शेवटी कप्तान जितेंद्रने तोंडावर सांगितलं, "एरंडोलच्या स्पर्धेत तुला एक चढाई देतो. पाय टिकला तर संघात. नाही तर पंच हो बाबा." पंच! धनसिंगच्या काळजाला घरं पडली.

दुसऱ्याच दिवशी काम आटोपून तो पाचोऱ्याच्या जिममध्ये हजर. तिथे साक्षी शिकवायची. पालथं झोपून टाचांनी वजन ओढायचं मशीन तिने दाखवलं. मांडीची मागची बाजू कमवायची तर हेच, म्हणाली.

"ताई, बठ्ठं वजन लावा. मी केळीवाला गडी शे!"

तिने सगळंच्या सगळं लावलं. धनसिंगने दात आवळले, कंबरेला हिसडा दिला, वजन वर गेलं आणि धाडकन खाली आदळलं. अख्खी जिम वळून बघायला लागली. त्याला वाटलं, कौतुकाने बघताहेत. कसलं कौतुक आणि कसलं काय!

"धनसिंगभाऊ, घड खांद्यावर घेताना असाच हिसडा देता ना?" साक्षीने विचारलं.

"मग? त्याशिवाय घड चढतो का?"

"मळ्यात खुशाल द्या. इथे सगळं काम कंबरच करतेय. ज्या मांडीसाठी आलात, ती आरामात झोपलीय."

तिने वजन इतकं कमी केलं की गडी शरमला. "इतलंसं? हे तं मनी मायबी उचली लई!"

"माय नीट उचलेल. तुम्ही उचलून दाखवा."

तिने गुडघा मशीनच्या सांध्याच्या समोर आणायला लावला. गोल उशी पोटरीवरून सरकवून टाचेच्या जरा वर बसवली. कंबर गादीला चिकटलेली हवी. आणि वर ओढण्यापेक्षा खाली सोडतानाच जास्त सांभाळायचं, भरली कळशी उतरवतो तसं, जराही आवाज न होता. धनसिंगने केलं मात्र, मांडी थरथरायला लागली! "आयला, हे तर खरंच मांडीला लागतंय," तो ओरडला. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पण जन्माची खोड अशी सुटते होय? दमला की कंबर उडालीच. मग साक्षीने त्याच्या कंबरेवर पाण्याची रिकामी बाटली उभी करायला सुरुवात केली. हिसडा बसला की बाटली पडायची आणि सगळे खो खो हसायचे. धनसिंग चिडायचा, शिव्या गिळायचा, पुन्हा पालथा पडायचा. हळूहळू बाटली उभी राहायला लागली, तसतसं वजनही वाढत गेलं.

एरंडोलला मैदान खच्चून भरलं होतं. जितेंद्रने खूण केली आणि धनसिंग आत घुसला. एकाला हात लावून वळतो न वळतो तोच समोरच्या संघातल्या आडदांड मोतीलालने त्याचा डावा घोटा धरला. धनसिंग तोंडावर आपटला. मधली रेषा हातभर लांब, दम संपत आलेला, आणि मोतीलाल सगळ्या ताकदीनिशी मागे खेचतोय! सगळं अंग म्हणत होतं, दे हिसडा. हिसड्यानेच तर गेल्या वर्षी नस गेली होती.

त्याने पोट आणि कंबर मातीत दाबून धरली आणि टाच सावकाश वर ओढायला लागला. मांडी पेटली. पण घोट्याबरोबर मोतीलालही पुढे यायला लागला! पब्लिक उभं राहिलं. मोतीलालची पकड ढिली पडली त्याच क्षणी धनसिंगने अंग ताणलं आणि बोटं रेषेला टेकवली. पंचांनी हात वर केला. गर्दीत साक्षी पोरीसोरींसारखी उड्या मारत होती.

जितेंद्र धावत आला. "पाय? पाय कसा शे रे?"

धनसिंग उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि म्हणाला, "सरक बाजूले. पुढली चढाईबी मनीच शे!"