खाचरात पडलेली गोपनीय वस्तू

२०१६ साली मी सायवनच्या बाजूच्या एका लहान गावाची सरपंच होते. हिवाळ्यातल्या एका सकाळी एका बाईच्या कापणी झालेल्या खाचरात एक वस्तू पडलेली सापडली. फाटलेला रबरी फुगा, त्याला दोरीने बांधलेली पांढरी पेटी आणि पेटीवर लुकलुकणारा बारीक दिवा. माझ्या आधी अख्खा पाडा तिथे जमला होता. परग्रहावरून कुणीतरी आलंय, असं सगळ्यांचं ठरलंही होतं.

मी चौकीला फोन केला. दोन पोलीस आले आणि त्यांनी पेटी गोणपाटात गुंडाळली.

"काय आहे हे?"

"गोपनीय आहे, बाई."

"मी इथली सरपंच आहे."

"म्हणून तर सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी डहाणूला तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी चहा मागवला.

"ही माहिती तुमच्या पातळीची नाही, ताई."

"मग कुणाच्या?"

त्यांनी बोट वर केलं. वर फक्त पंखा होता, तोही बंद.

पुढच्या आठवड्यात आमदार अंगणवाडीच्या उद्घाटनाला आले. निवडून आलेला मोठा माणूस, त्यांना तरी ठाऊक असेल म्हणून मी विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. "सगळं कळलंय मला. पण बोलता येत नाही." मला बरं वाटलं. कुणाला तरी माहीत होतं. मग ते गाडीकडे निघाले आणि त्यांचा सहायक हळूच मागे राहिला.

"ताई, नेमकं काय होतं ते? साहेब विचारत होते. त्यांनाही कोणी सांगेना."

ग्रामसभेत मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, आमदारांनाही माहीत नाही आणि बहुधा कचेरीतही कुणाला माहीत नाही. मग एक म्हातारबाबा म्हणाले, "आमदारापासूनही लपवलंय म्हणजे केवढं मोठं असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. खाचराच्या मालकिणीने त्या जागेवर नारळ फोडला.

घरी सासूबाई म्हणाल्या, "घरच्यांना तरी सांग."

"खरंच ठाऊक नाही, आई."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "नको सांगू. तुला शपथ घातली असेल."

त्या रात्रीपासून त्या माझ्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा वाढायला लागल्या.