पान बावीसवरची सही

आमच्या वकीलसाहेबांच्या हापिसात मी टायपिंग करतो आणि तिथल्या म्हाताऱ्या क्लार्कची, म्हणजे आप्पांची, नक्कल लई झकास करतो. चष्मा कपाळावर चढवायचा, अंगठा जिभेला लावायचा आणि ओरडायचं, "थांब रं! आधी पानं बघूंदे!" आप्पा स्वतःच हसून हसून खोकत्यात.

परवा दुसऱ्या विद्यापीठाची एक डॉक्टर पोरगी केस घेऊन आलती. विद्यापीठानं पीजीच्या निम्म्या जागा आपल्याच पोरांना राखून ठेवल्यात, ते रद्द करा म्हणून. आता आप्पांची लेक त्याच विद्यापीठात डॉक्टरकी शिकती, आणि तिची सगळी आशा त्याच निम्म्या जागांवर.

धारवाडच्या हायकोर्टाला जायचं अर्जाचं पाकीट मी चिकटवणार, तोवर आप्पा ओरडले, "थांब रं! पान बावीसवर सही न्हाय!" बाहेर बसलेल्या त्या पोरीला बोलावून त्यांनी सही घेतली.

मी हळूच म्हटलं, "आप्पा, गप बसला असता तर अर्ज परत आला असता की."

"व्हय. मग माझ्या लेकीनं काय ह्या पोरीच्या चुकीवर डॉक्टरकी करायची?"

अंगठा जिभेला लावून त्यांनी पहिल्यापासनं परत पानं मोजली. मग बारीक आवाजात म्हणाले, "पण आजची नक्कल माझ्या घरी करू नको रं. लेकीच्या आईनं ऐकलं तर उपाशी निजवील मला."