रिकाम्या खुर्चीचं भविष्य

माझा धाकटा भाऊ पोट कशावर भरतो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला म्हणाले होते, "थापा मारायला मीच सापडले का?" व्हिडिओ गेममध्ये दाखवलेलं भविष्य नेमकं कोणत्या प्रकारचं आहे, हे तो ठरवतो. एवढंच. त्यासाठी त्याला कंपनीत वेगळी खोली आहे आणि लोक त्याला सर म्हणतात. मी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, मला कोणी साधी खुर्ची देत नाही.

घरात तो बटण्या. रांगायला लागल्यापासून दिसेल ते बटण दाबणं हाच त्याचा उद्योग. आमच्या रेडिओचं एक बटण त्याने गिळलंसुद्धा होतं. ते परत मिळालं, पण आईने काही रेडिओला लावू दिलं नाही.

"ताई, जुन्या लोकांनी उद्याची जी चित्रं रंगवली आणि जी खरी झालीच नाहीत, ती मी सांभाळतो," असं तो म्हणायचा. मग मला बळंच शिकवणी. जग वाफेवर चालत असेल, पितळी पाईप आणि दातेरी चाकं असतील, तर ते स्टीमपंक. धूर, तेल आणि जाड लोखंड आलं की डिझेलपंक. गोल कडांच्या गुळगुळीत गाड्या, घरोघरी अणूवर चालणारी शेगडी आणि तिच्याकडे बघून विनाकारण हसणारी बाई, म्हणजे ॲटमपंक. आणि त्याचं सगळ्यात लाडकं, कॅसेट फ्युचरिझम. त्यात माणूस चंद्राच्या पार पलीकडे पोचलेला असतो, पण संगणकाचा पडदा अजून डब्यासारखा जाड, अक्षरं हिरवी, बटणं खट्ट वाजणारी आणि सगळी माहिती टेपच्या रिळांवर.

यात सरमिसळ झालेली त्याला खपत नसे. पितळी पाईपशेजारी कोणी ट्यूबलाइट काढली तर त्याला जेवण जायचं नाही. मावसबहिणीच्या लग्नात हॉलचे दिवे बघून तो मोठ्याने म्हणाला, "हा हॉल गोंधळलेला आहे." मावशी अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

हे वेड आलं कुठून, ते मात्र मला ठाऊक होतं. आमचे बाबा शहराला पाणी चढवणाऱ्या पंपांच्या कंट्रोल रूममध्ये होते. भिंतभर हिरवं पॅनल, त्यावर काटे, दिवे, बटणं. एकदा ते आम्हा दोघांना तिथे घेऊन गेले आणि बटण्याला दिवे तपासायचं बटण दाबू दिलं. सगळे दिवे एकदम लागले. तो इतका हरखला की घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने दुसरं काही बोलला नाही.

त्या खोलीचा एक नियम होता. पुढच्या पाळीचा माणूस खुर्चीशेजारी येऊन उभा राहायचा, चाललंय काय ते ऐकून घ्यायचा आणि "चार्ज घेतला" म्हणायचा. ते शब्द ऐकल्याशिवाय खुर्चीवरचा माणूस उठायचा नाही. मग घरी काही का होईना. एकदा पुढचा माणूस आलाच नाही, तर बाबा सलग दोन पाळ्या बसून राहिले. "अख्ख्या गावाला पाणी पाजता, स्वतः घोटभर प्यायला उठत नाही," म्हणून आईने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं.

आई गेली. ती कंट्रोल रूमही पाडली. आणि बाबांना विसरण्याचा आजार जडला. मला ते "सिस्टर" म्हणू लागले, बटण्याला "अहो". पोटच्या पोराला अहो! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बटण्या हसला होता, मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही. पुढे महिनोनमहिने आम्ही दोघं बाबांसाठी परकेच होतो.

त्या रविवारी दुपारी मी बाबांना त्यांची मधुमेहाची गोळी दिली आणि ताट वाढायला घेतलं. बटण्याने नवा गेम हॉलमधल्या टीव्हीला जोडला होता. "ताई, आधी हे बघ." मी पाहिलं आणि वरणाचा डाव माझ्या हातातच राहिला. हिरवं पॅनल, काटे, दिवे. बाबांचीच खोली. फरक एवढाच, की खिडकीबाहेर काळंभोर आकाश होतं आणि त्यात भलताच एक तांबूस ग्रह.

"अरे, खुर्ची रिकामी का?" मी विचारलं.

"तोच तर या प्रकाराचा प्राण आहे. मशीन चालू, चहा अर्धा आणि माणूस नुकताच उठून गेलेला. त्याशिवाय मजा नाही."

"आणि तो लाल दिवा?"

"तो नसेल तर खोली मेल्यासारखी दिसते."

"ड्युटी कोणाची आहे?"

आम्ही दोघं दचकलो. बाबा दारात उभे होते. असा खणखणीत आवाज आम्ही कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "लाल दिवा लागलाय आणि खुर्ची रिकामी? खुर्ची सोडून गेलाच कसा तो?" त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, टीव्हीपुढे अगदी खेटून बसले आणि काचेवर बोट टेकवत बटणं दाबू लागले. एकही दबेना. बटण्याने ती फक्त रंगवली होती.

"बंद कर ते!" मी ओरडले. त्याने टीव्ही बंद केला.

ती आमची घोडचूक. पडदा काळा झाला आणि बाबांनी डोक्याला हात लावला. "सगळं गेलं. सगळे पंप गेले." मी "लाव, लाव" म्हणून ओरडले, बटण्याच्या हातून रिमोट दोनदा पडला. खोली परत दिसली तेव्हा कुठे बाबा श्वास घेऊ लागले. पण खुर्चीतून उठायचं नाव नाही.

मी ताट नेलं. "खुर्चीवर खात नाहीत, सिस्टर." साखरेचं पाणी नेलं, तेही हाताने सारलं. पोटात गोळी आणि वर अन्नाचा कण नाही. रक्तातली साखर उतरली की काय होतं, ते मी रोज गिऱ्हाइकांना बजावते. आता ते माझ्या डोळ्यांपुढे होत होतं. बाबांच्या कपाळावर घाम आला, बोटं थरथरू लागली. "बाबा, सुट्टी झाली," मी म्हणाले. "बाबा, माझी शपथ," म्हणाले. ते लाल दिव्यावरून नजर हलवेनात. मला रडू फुटलं. बटण्या भिंतीला टेकून पुतळ्यासारखा उभा. मी त्याला चांगलं खडसावलं, "अरे, तुझं भविष्य त्यांच्या जिवावर उठलंय, काहीतरी कर!"

तो एकदम बाहेर गेला. मला वाटलं पळाला. पण त्याने बूट घातले, बेल वाजवली, आत आला आणि बाबांच्या खुर्चीशेजारी ताठ उभा राहिला. "चार्ज द्या," म्हणाला.

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "उशीर केलात. एक नंबर चालू आहे, दोन नंबर तयार, तीन दुरुस्तीला. लाल दिवा लागलेला आहे, कारण सापडलेलं नाही. आणि लक्षात ठेवा, खुर्ची मी सोडलेली नाही. मी आलो तेव्हाच ती रिकामी होती."

"चार्ज घेतला," बटण्या म्हणाला.

बाबा उठले. जाता जाता बटण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "निघतो. धाकटा वाट बघत असेल घरी. त्याला एकदा इथलं दिवे तपासायचं बटण दाबू दिलं होतं. अजून सगळ्या गल्लीला तेच सांगत असतो."

आम्हाला वाटत होतं, बाबांनी त्याला पुसून टाकलंय.

साखरेचं पाणी त्यांनी गटागटा प्यायलं, मग वरणभात खाल्ला. हाताची थरथर थांबली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना झोप लागली. मी पांघरूण घालून बाहेर आले, तर बटण्या त्याच खुर्चीवर, पायांत बूट तसेच.

"ऊठ. जेवून घे."

तो हलला नाही. "ताई, तो दिवा मी नुसता छान दिसतो म्हणून लावला गं." डोळ्यांतून धार लागली होती, पण नजर पडद्यावरच.

"बरं. उद्या काढ. आता ऊठ."

"असं कसं उठू?" तो म्हणाला.

एरवी मी त्याला एक ठेवून दिली असती. त्या दिवशी हात पुसले, त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले आणि तो सांगेल ते सगळं ऐकून घेतलं. एक नंबर चालू, दोन नंबर तयार, तीन दुरुस्तीला.

"चार्ज घेतला," मी म्हणाले. मग तो उठला.