एस्केपच्या खालचं बटण

कीबोर्डवर एस्केपच्या खाली एक बटण असतं. बहुतेक लोक ते जन्मात कधी दाबत नाहीत आणि त्यांचं काही अडतही नाही. आम्ही दोघे भाऊ जो तलवारी-राक्षसांचा खेळ खेळायचो, त्यात ते दाबलं की सगळं जग थबकायचं. सुटलेला बाण हवेतच राहायचा, लांडगा उडी मारता मारता अर्ध्यावर थांबायचा आणि पडद्याच्या खालून एक करडी पट्टी वर यायची. तिला कन्सोल म्हणतात. खेळ बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी ठेवलेलं ते मागीलदार. तिथे हुकूम टाइप करायचा. मग भिंतीतून पलीकडे जाता येतं, मार लागत नाही, हवी ती वस्तू पिशवीत येते. मेलेल्या माणसावर क्लिक करून एक शब्द लिहिला की तो अंग झाडून उभा राहतो.

भाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने मला हे मागीलदार दाखवलं ते बंदी घालण्यासाठीच. "इथे हात घातलास तर मी तुझ्याबरोबर खेळणार नाय," एवढंच बोलला. कॅरममध्येही तो असाच. स्वतःचा फाऊल स्वतःच सांगायचा आणि समोरच्याला शरमेने मान खाली घालायला लावायचा. मला त्याचा राग यायचा. इतक्या सरळ माणसाबरोबर राहणं सोपं नसतं.

मग तो एसी दुरुस्तीच्या कामाला कुवेतला गेला. मी इथेच राहिलो, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे संगणक सांभाळतो. खेळ मात्र आम्ही सोडला नाही. एकच माणूस, एकच प्रवास, दोघांनी आळीपाळीने खेळायचा. भाईची सुट्टी शुक्रवारी. तो दिवसभर खेळायचा आणि थांबला तिथली सेव्ह फाइल मला पाठवायचा. रविवारी मी तिथून पुढे जायचो आणि संध्याकाळी फाइल परत त्याच्याकडे. फोनवर आम्ही काय बोलणार? जेवलास का, तिकडे ऊन किती. खरं बोलणं त्या फाइलमधून व्हायचं. तो कुठल्या डोंगरावर चढला, कुठे घाबरून मागे फिरला ते बघितलं की त्याचा आठवडा कसा गेला ते मला कळायचं.

खेळात आमच्या सोबतीला एक म्हातारा लढवय्या होता, एका पायाने लंगडा आणि बडबड्या. भाईने त्याला पहिल्याच महिन्यात एका पडक्या किल्ल्यातून सोडवला होता. सुरुवातीला तो तुसडेपणाने वागायचा. दोन वर्षं बरोबर हिंडल्यावर रुळला, भाईला लाडाच्या नावाने हाक मारायला लागला. त्याच्या बोटात भाईने दिलेली अंगठी होती. भाई त्याची चौकशी घरच्या माणसासारखी करायचा.

तो माझ्या हातून मेला. एका गुहेच्या तोंडाशी मी त्याला पुढे ढकलला, स्वतः मागे राहिलो, आणि तो पडलाय हे बघायच्या आत सेव्ह करून मोकळा झालो. भाईच्या शुक्रवारच्या फाइलपासून पुन्हा सुरुवात करता आली असती, पण अख्ख्या दिवसाचा खेळ वाया गेला असता. मला कंटाळा आला. खरं कारण एवढंच. मी एस्केपच्या खालचं बटण दाबलं, म्हाताऱ्यावर क्लिक केलं आणि तो शब्द लिहिला. म्हातारा उठला, पण त्याची पिशवी रिकामी होती आणि बोटात अंगठी नव्हती. एकेका वस्तूचा नंबर शोधून मी ती परत त्याच्याकडे दिली. अंगठीसुद्धा. त्या शुक्रवारी भाईचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता पकडला जाणार. त्याने अंगठीचा विषयही काढला नाही. उलट म्हणाला, म्हाताऱ्याला नीट जपतोयस. मी निर्लज्जासारखा हो म्हणालो.

त्यानंतर मी सर्रास ते बटण दाबायला लागलो. दार बंद असलं की भिंतीतून, मार बसला की कन्सोलमधून. एकदा भीड चेपली की चेपली.

त्याच दिवसांत अम्मीचे रिपोर्ट आले. पोटात गाठ, आणि ती सगळीकडे पसरलेली. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन स्पष्ट सांगितलं, दोन-तीन महिने, ज्यांना बोलवायचंय त्यांना आत्ताच बोलवून घ्या. बोलवायचं होतं ते एकाच माणसाला. भाईची रजा चार महिन्यांवर होती, पण मागितली असती तर आधी मिळाली असती. त्याच्या खोलीतला एकजण तसा येऊन गेला होता, हे मला माहीत होतं.

आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात बाहेरगावच्या माणसाला वाईट बातमी द्यायची एक रीत आहे. आधी सांगायचं, तब्येत थोडी नरम आहे. मग, ॲडमिट केलंय, काळजी नको. मग, ये. बहुतेक वेळा 'ये' म्हणतात तेव्हा इकडे कफन आणायला माणूस गेलेला असतो. आमचे अब्बा, आता तेही नाहीत, जहाजावर होते तेव्हा त्यांचे वडील गेले, ते त्यांना बोट बंदराला लागल्यावर कळलं. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. माणूस परमुलखात एकटा, त्याच्या जिवाला घोर कशाला, असा सगळ्यांचा हिशोब. अम्मीनेही मला तेच बजावलं. त्याला कळवू नको, तो तिकडे जेवायचा नाही.

मला तेच हवं होतं. भाई आला असता तर अम्मी मरणार आहे हे घरात मोठ्याने बोललं गेलं असतं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. अम्मीच्या नावावर मी माझा भित्रेपणा खपवला.

व्हिडिओ कॉलच्या आधी मी तयारी करायचो. पाठीशी दोन उशा, अंगावर इस्त्रीची ओढणी, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, म्हणजे चेहऱ्याचा पिवळेपणा उजेडात येणार नाही. मोबाइल जरा लांब धरायचो. दोन मिनिटं झाली की रेंज गेली म्हणून कॉल कापायचो. नंतर अम्मीला बसणंही जमेना. मग मला एक युक्ती सुचली, आणि तेव्हा मला तिचा अभिमानही वाटला होता. एके सकाळी अम्मीला जरा बरं वाटत होतं. मी तिला म्हटलं, काही व्हॉइस मेसेज आत्ताच बोलून ठेव, तू झोपलेली असलीस की मी भाईला पाठवीन. वाराचं नाव घेऊ नको, पावसापाण्याचं बोलू नको. कधीही चालले पाहिजेत.

तिने ऐकलं. पहिल्यात म्हणाली, मी बरी आहे, तू वेळेवर जेव. दुसऱ्यात शेजारणीच्या बोकडाची तक्रार केली. तिसऱ्यात हसलीसुद्धा, ते हसू कुठून आणलं कोण जाणे. चौथ्यात ती म्हणाली, "मी बरी हाय." मग थांबली. मोबाइल माझ्या हातात चालूच होता. "एकदा येऊन जा रे बाबा. तुला बघायचाय."

मी म्हटलं, अम्मी, हे नको, परत बोल. तिने भिंतीकडे तोंड केलं. "पुरे आता," म्हणाली. मी परत विचारलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत मी तीन मेसेज पाठवले. दर वेळी भाईचं उत्तर यायचं, आवाज छान आहे अम्मीचा. चौथा पाठवला नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मलाही कळत होतं. मी तरी झाकत राहिलो.

अम्मी एका गुरुवारी सकाळी गेली. मी भाईला फोन करून 'ये' म्हटलं. त्या एका शब्दात त्याला सगळं कळलं, कारण तो याच मोहल्ल्यात वाढला होता. त्याने फक्त एवढंच विचारलं की उद्यापर्यंत थांबाल का. मी मोठ्यांना विचारलं. मय्यत अशी ठेवत नाहीत, ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दफन झालं. अम्मीच्या खाटेला एका बाजूने मी खांदा दिला. दुसऱ्या बाजूला माझ्याएवढ्या उंचीचं कुणी नव्हतं, खाट कब्रस्तानापर्यंत तिरकीच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाई मुंबईहून येऊन हायवेवर हातखंब्याला उतरला. मी मोटरसायकल घेऊन गेलो. बॅग मांडीवर घेऊन तो मागे बसला आणि म्हणाला, सरळ कब्रस्तानात घे. जांभ्याची लाल माती अजून ओली होती. तो बराच वेळ उभा राहिला, दुवा मागितली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, डॉक्टर कधी बोलला होता. मी खरं सांगितलं. अडीच महिन्यांपूर्वी. आणि मेसेज? तेही सांगितलं, एकाच सकाळी भरून ठेवलेले.

मला वाटलं, मारील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. त्याने चप्पल घातली आणि कुंपणाच्या गडग्यावर बसला.

"म्हाताऱ्याला मी पयल्याच शुक्रवारी ओळखलं होतं," तो म्हणाला. मला आधी कळेचना तो कुठल्या म्हाताऱ्याबद्दल बोलतोय. "सगळं जागच्या जागी होतं. अंगठीपण. पण मी बोलायला गेलो तर मला विचारलान, तू कोण? दोन वर्षं बरोबर हिंडलेला माणूस. तू एवढं सगळं परत लावलं होतंस, म्हटलं तुला वाईट वाटेल, म्हणून गप ऱ्हायलो."

त्याने बॅग पायाशी ओढून घेतली.

"खेळातला म्हातारा मी ओळखला. अम्मीचा आवाज नाय ओळखता आला मला."

मी त्याचे पाय धरले. त्याने मला उठवलं, ढोपरांची माती झटकली. मग विचारलं, "अजून हाय का एखादा? पाठवायचा राहिलेला?"

मोबाइल माझ्या खिशात होता. मी म्हटलं, नाही, तेवढेच तीन.

अम्मीच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत भाई घरी थांबला. मोहल्ल्यातली माणसं येत होती, नशिबात नव्हतं म्हणत होती. तो मान हलवायचा. खेळाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. जाताना त्याने मला मिठी मारली. मला ती नको होती.

तो गेल्यावरच्या शुक्रवारी फाइल आली. मला अपेक्षा नव्हती. रविवारी मी ती उघडली. आमचा माणूस त्याच गुहेच्या तोंडाशी उभा होता आणि त्याच्या पायाशी म्हातारा पडला होता, मेलेला. भाईने त्याला तिथे परत नेऊन पडू दिलं होतं आणि उठवलं नव्हतं. अंगठी त्याच्याकडेच राहू दिली होती. फाइलबरोबर दोनच शब्द होते, "आता तू."

या गोष्टीला आता वर्ष होईल. मी त्या फाइलमध्ये एक पाऊल पुढे टाकलेलं नाही आणि ते बटणही दाबलेलं नाही. दर शुक्रवारी भाईचा फोन येतो, आम्ही जेवणाबद्दल बोलतो. अम्मीचा चौथा मेसेज माझ्या मोबाइलमध्ये आहे. अकरा सेकंदांचा आहे. तो भाईला द्यायचा म्हणून मी कितीदा तरी उघडतो, पूर्ण ऐकतो, आणि बंद करतो.